अमेरिकाच कशाला?

"गुरुजी, आमच्या पोरांचं एकदा अमेरिकेतल्या शाळेशी बोलणं करून द्या की." पालकसभेत हे कुणीतरी म्हणतंच. पोरांना व्हिडिओ कॉलवर परदेशातल्या वर्गांशी जोडणाऱ्या परितेवाडीच्या (जि. सोलापूर) रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हापासून तर जास्तच.

मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझं उत्तर ठरलेलं: घड्याळ बघा. आपल्याकडं सकाळचे ११ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कात मध्यरात्र उलटलेली असते. तिथल्या बाईंनी पोरं झोपेतून उठवून आणायची काय?

जपान आपल्या साडेतीन तास पुढं. इथं साडेदहाला शाळा भरली की तिथं दुपारचे दोन. म्हणून फेब्रुवारीत तिकडचा पाचवीचा वर्ग गाठला. नेट माझ्या मोबाइलचं, टीव्ही ग्रामपंचायतीचा. खेळ देश ओळखायचा, उत्तर फक्त हो किंवा नाही. पूर्वी हा खेळ स्काइपवर चालायचा, २०२५ च्या मेमध्ये ते बंद झालं. आता गूगल मीट.

आमच्या पोरीनं प्रश्न तळहातावर लिहून आणला होता. "इज युवर कंट्री निअर सी?" समोरचा मुलगा थांबला, वहीत बघितलं, बाईंकडं बघितलं, मग म्हणाला, "येस... सी... ऑल साइड." मागच्या बाकावरनं आवाज आला, "सर, त्यांचंबी इंग्लिश आपल्यासारखंच हाय की!" तिथनं पुढं वर्ग आवरेना. फाडफाड इंग्रजीवाल्यांसमोर हीच पोरं एकमेकांच्या पाठीमागं लपतात. माझं म्हणणं एवढंच, आधी पूर्वेला बघा. जपान, व्हिएतनाम. वेळही जुळते, अडखळणंही.

जेवणानंतर आम्हीच वर्ग पुसतो, असं त्यांनी फडकी दाखवून सांगितलं. "पोराच्या हातात झाडू का दिला" म्हणून मागं माझ्याशी भांडलेले पालक दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

आमच्या एकानं खिशातले बेदाणे दाखवले. द्राक्षं पावडरीच्या पाण्यात बुडवतात, मग रॅकवर सावलीत वाळवतात, हे त्यानं निम्मं हातवाऱ्यांनी सांगितलं. कसली पावडर, असा तिकडनं प्रश्न आला. त्याला माहीत नाही, मलाही ऐनवेळी आठवेना. दुसऱ्या दिवशी तो पोत्यावरचं नाव उतरवून आला: पोटॅशियम कार्बोनेट. पुढच्या कॉलला सांगू म्हटलं. पण जपानात मार्चमध्येच वर्ष संपतं, तो वर्ग पुढं सरकला. ते नाव अजून आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात आहे, पोरं पुसू देत नाहीत.