उत्तर: ‘लेकराच्या जिवाचा धंदा’ या रिव्ह्यूला

ताई, नमस्कार. मी औषधाच्या दुकानाचा मालक. काउंटरवरचा पोरगा तुम्हाला “घ्यायचं तर घ्या” असं बोलला, त्याबद्दल माफी मागतो. त्याला समज दिली आहे.

पण तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं की मुलाच्या जिवावरच्या ॲलर्जीसाठीचं स्वस्तातलं इंजेक्शन लपवून आम्ही हजारोंचं पेन (दाबलं की आपोआप टोचणारं तयार इंजेक्शन) गळ्यात मारलं, वर परतही घेतलं नाही, आणि हा ‘लेकराच्या जिवाचा धंदा’ आहे. हे वाचून त्या रात्री जेवण गेलं नाही. नागपूरच्या मानेवाड्यात २२ वर्षांपासून दुकान चालवून राहिलो. उधारी बुडवणारे भेटले, पण असं कोणी म्हटलं नव्हतं.

लपवलं कुठे, ताई? पहिल्यांदा आलात त्या सोमवारी ॲड्रिनलिनची ॲम्प्यूल, म्हणजे काचेची छोटी कुपी, मीच खोक्यातून काढून तुमच्या तळहातावर ठेवली. १ मिलि, त्यात १ मिलिग्रॅम औषध. अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं, भाव सरकारने बांधलेला, तर्री-पोह्याच्या प्लेटच्या आसपास. पेनमध्येही हेच औषध असतं, हेही सांगितलं. फरक एवढाच, की ॲम्प्यूलची काच फोडावी लागते, औषध सिरिंजमध्ये वजनाप्रमाणे मोजून ओढावं लागतं. पोराचा घसा सुजत असताना हे करायचं, म्हणून डॉक्टरांकडून आधी हात बसवून घ्या म्हटलं. तेव्हा तुम्ही म्हणाल्या, “माझे हात थरथरतात, मला पेनच पाहिजे.” आईचं म्हणणं मला पटलं, म्हणून कागद भरायला बसलो.

ते पेन आपल्याकडे शेल्फवर मिळत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, रुग्णाच्या नावाने फॉर्म १२अ मध्ये आयातीचा अर्ज, मग १२ब चा परवाना, मग बाहेरून माल. ॲडव्हान्स आयात करणाऱ्याने मागितला, मी नाही. माझे ३०० रुपये बिलात वेगळे लिहिले आहेत, बघून घ्या. अमेरिकेतल्या तुमच्या बहिणीला कूपनवर स्वस्त पडतं हे खरं असेल, पण ते तिथल्या विम्याचं आणि कंपनीचं कूपन आहे, इथे चालत नाही. त्याच अमेरिकेत २०१६ मध्ये दोन पेनच्या डब्याची किंमत ६०० डॉलरच्या वर गेली होती, तेव्हा तिथलेही आईबाप रडले.

आता परतीचं. शुक्रवारी तुम्ही पेन आणलं ते स्कूटीच्या डिक्कीतून, मे महिन्यात, दुपारी दोन वाजता. डबा हाताला गरम लागत होता. डब्यावरच लिहिलंय, २५ अंशांच्या आत ठेवा. परवाना तुमच्या मुलाच्या नावावर, ते मी दुसऱ्या कोणाला देऊच शकत नाही, आणि देता आलं असतं तरी दिलं नसतं. त्याच्याही घरी लेकरू असेल ना. हे शांतपणे सांगायला हवं होतं, गिऱ्हाईकांची गर्दी होती, आवाज चढला. तेवढं मान्य.

यापुढे बाहेरून मागवायच्या औषधाचा अंदाजे खर्च आधी लिहून द्यायचा असं ठरवतो आहे. कसं जमतं ते बघू.

पैशाचंच कोडं असेल तर डॉक्टरांकडून ॲम्प्यूल आणि १ मिलिच्या सिरिंजची चिठ्ठी लिहून घ्या, किती ओढायचं तेही त्यावर लिहून मागा. दोन संच ठेवा, कधी कधी दुसरा डोस लागतो. मेडिक्लेमवर विसंबू नका, तो बहुधा भरती झाल्यावरचाच खर्च देतो. टोचल्यावरही पोराला घेऊन मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या कॅज्युअल्टीत जायचंच, घरी बसायचं नाही.

आणि ते पेन फेकू नका. पेनच्या छोट्या खिडकीतून आतलं औषध पाहा. पाण्यासारखं स्वच्छ दिसत असलं तरी उन्हात तापल्याचं डॉक्टरांना सांगा. गढूळ किंवा तपकिरी दिसलं तर त्या पेनवर विसंबू नका, त्याच दिवशी ॲम्प्यूल घेऊन जा, पैसे नंतर दिले तरी चालतील.