आपण वेळेचं नियोजन कसं कराल, सर?

अधिष्ठातापदाच्या, म्हणजे विद्याशाखेच्या प्रमुखाच्या (डीनच्या) पदाच्या, मुलाखतीत संशोधनाचे प्रश्न सोपे जातात, कारण त्यांची उत्तरं आम्ही प्राध्यापक मंडळी आयुष्यभर देत आलेलो असतो. 2020 च्या शैक्षणिक धोरणावर दोन मिनिटं बोललं की समितीच कंटाळते आणि पुढे सरकते. घाम फुटतो तो त्यानंतर. कोपऱ्यातले, आतापर्यंत फक्त काजू खाणारे सदस्य चष्मा पुसत विचारतात, "एवढ्या जबाबदाऱ्या अंगावर येणार. आपण वेळेचं नियोजन कसं कराल, सर?" उमेदवाराला सकाळी साडेदहाला हजर राहायला सांगितलेलं असतं आणि हा प्रश्न दुपारी पावणेदोनला येतो. अशा वेळी हसू येतं. हसू नये.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 1 मार्च 2017 पासून लागू झाला आणि अधिष्ठाता हे पूर्णवेळ, पगारी पद झालं. त्याआधी ते निवडणुकीने मिळायचं, त्यामुळे वेळेपेक्षा मतांचं नियोजन पुरत असे. आता विद्याशाखा चारच. विज्ञान व तंत्रज्ञान या एकाच विद्याशाखेत वनस्पतिशास्त्र, अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्र गुण्यागोविंदाने नांदतात, आणि तिघांच्या अभ्यास मंडळांना, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समित्यांना, बैठक मंगळवारीच हवी असते.

या प्रश्नाला दहातले सात उमेदवार म्हणतात, "मी रोज सोळा तास काम करतो." समितीच्या कानावर मात्र वेगळंच वाक्य पडतं: या गृहस्थांना काम वाटून देता येत नाही. दोघं म्हणतात, "विद्यार्थी हेच माझं प्राधान्य." हे उत्तर चुकीचं नाही, पण त्यातून मंगळवारी काय करायचं ते कळत नाही. उरलेले हवेत बोटाने चार चौकोन काढतात: तातडीचं, महत्त्वाचं, दोन्ही, एकही नाही. हे चौकोन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या नावावर खपतात. गंमत अशी की 1954 च्या भाषणात त्यांनी तो विचार एका माजी कॉलेजप्रमुखाचा म्हणून सांगितला होता आणि ते स्वतः कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष राहिलेले होते. म्हणजे रडगाणं मूळचं आपल्याच खात्यातलं. चौकोन मागाहून आले. पण चौकोन काढणाऱ्याला समिती लगेच विचारते, "कुलगुरूंचा फोन कुठल्या चौकोनात?" इथे बरेच जण गारद होतात.

माझ्या मते उत्तराची सुरुवात स्वतःच्या शिस्तीपासून करूच नये. सुरुवात करावी तारखांपासून, कारण अधिष्ठात्याचा निम्मा वेळ कायद्यानेच आधी वाटून टाकलेला असतो. परीक्षा संपल्यावर निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लागायला हवा. माहिती अधिकाराच्या अर्जाला 30 दिवस. मग मुख्य गोष्ट म्हणजे अभ्यासक्रम. तो जूनमध्ये वर्गात जायचा असेल तर उलटं मोजत यावं. मे महिन्यात तो संकेतस्थळावर हवा, म्हणजे विद्यापरिषदेची (विद्यापीठाच्या मुख्य शैक्षणिक मंडळाची) मंजुरी मार्च-एप्रिलमध्ये, त्याआधी फेब्रुवारीत विद्याशाखेची बैठक, त्याआधी जानेवारीत अभ्यास मंडळ, आणि मसुदा करणारी उपसमिती दिवाळीच्या सुट्टीत. दिवाळीच्या सुट्टीत उपसमिती कुठे असते हे समितीलाही ठाऊक असतं, म्हणून "उपसमितीचं काम मी सप्टेंबरअखेर संपवेन" असं म्हणावं. एवढ्या एका वाक्याने समोरचे सरसावून बसतात.

लगेच प्रश्न येतो, "अडतं कुठे?" अडतं ते श्रेयांकांपाशी, म्हणजे क्रेडिटपाशी. एका श्रेयांकाला 15 तास, म्हणजे दोन श्रेयांकांचा विषय 30 तासांचा. अभ्यास मंडळात ज्येष्ठ सदस्य म्हणतात, माझं प्रकरण 12 तासांखाली शिकवताच येत नाही. दुसरे म्हणतात, माझं 14 तासांचं. तिसऱ्यांचं 10. बेरीज 36 होते आणि चहा येतो. चहानंतर बेरीज पुन्हा केली जाते. ती तरीही 36 होते. वर कोणीतरी हळूच "प्रात्यक्षिकाचा श्रेयांक 30 तासांचा असतो ना?" असं विचारून तिथून सहा तास उसने मागतं. एका विषयासाठी अख्ख्या विद्याशाखेची कार्यक्रमपत्रिका महिनाभर लांबते ती इथे. उपाय सांगता आला पाहिजे: बैठकीच्या सात दिवस आधी प्रत्येक प्रकरणाचे तास छापलेला तक्ता पाठवायचा आणि "बेरीज 30 च्या वर गेलेला मसुदा पटलावर येणार नाही" असं पत्रातच लिहायचं. वाईटपणा पत्राकडे जातो.

बैठकांबद्दल बोलल्याशिवाय तर गत्यंतर नाही. विद्यापीठातल्या बैठकीचे तीन भाग असतात. पहिला, मागील इतिवृत्त कायम करणे. यात मागच्या वेळी "सूचना केली" होतं की "सूचना मांडली" यावर चाळीस मिनिटं जातात. दुसरा, पटलावरचे विषय. यांना दहा मिनिटं. तिसरा, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. आणि सगळ्यांना ज्यासाठी यायचं होतं ते इथे निघतं. मुलाखतीत म्हणावं, "इतिवृत्त 48 तासांत पाठवीन, दुरुस्त्या लेखी मागवीन, बैठकीत फक्त कायम करीन. आयत्या वेळचे विषय आदल्या दिवशी 12 पर्यंत घेईन." आयत्या वेळचा विषय आदल्या दिवशी कसा घेणार, असं कोणी विचारत नाही. सगळ्यांना ते पटलेलं असतं.

मग हिशेब मांडावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे आठवड्याचे 40 तास, त्यात प्राध्यापकाचं प्रत्यक्ष अध्यापन 14 तासांचं. प्रशासकीय कामासाठी थोडी सूट मिळते. पीएच.डी.चे आठ विद्यार्थी असतील तर प्रत्येकाची सल्लागार समिती दर सत्रात, म्हणजे वर्षाला सोळा बैठका तिथेच गेल्या. सह्यांच्या फायलींसाठी रोज एक ठरलेला तास ठेवावा आणि तोही सकाळचा, कारण दुपारी तीननंतर फाईल नुसती येत नाही, सोबत माणूस येतो. विद्यार्थ्यांसाठी रोज 4 ते 5, वेळ दाराबाहेर लिहून. आणि 40 पैकी आठ तास कोरे.

कोरे म्हटलं की भुवया उंचावतात. त्यांना शांतपणे सांगावं की ते विधिमंडळात आमदार विचारतात त्या तारांकित प्रश्नासाठी आहेत. अधिवेशन सुरू झालं की मंत्रालयातून पत्र येतं आणि गेल्या पाच वर्षांची महाविद्यालयनिहाय माहिती "आज दुपारी 4 पर्यंत" हवी असते. पत्र पोचलेलं असतं 3 वाजून 10 मिनिटांनी. कोरा तास नसेल तर त्या दिवशी अभ्यास मंडळ, फायली आणि दाराबाहेरचे विद्यार्थी असे तिघंही बुडतात. ते आठ तास अधिवेशन नसताना सत्कार खातात, हे सांगायची गरज नाही.

यानंतर एखादा प्रसंग टाकला जातोच. पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झालीत, तिसरा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असल्याची ओरड केंद्रांवरून येतेय आणि त्याच वेळी कुलगुरूंनी बोलावलंय. काय कराल? उत्तरात क्रम हवा. दुरुस्ती केंद्रांना कळवणं हे परीक्षा विभागाचं काम. अधिष्ठात्याने फक्त एकच गोष्ट ठरवायची, प्रश्न अभ्यासक्रमात आहे की नाही. त्यासाठी अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांना फोन, अभ्यासक्रमाचं पान समोर, आणि दहा मिनिटांत लेखी मत परीक्षा संचालकांकडे. कुलगुरूंच्या कार्यालयाला "वीस मिनिटांत पोचतो, पेपरचा विषय आहे" असा निरोप. उमेदवार "दोन्हीकडे एकदम लक्ष देईन" म्हणाला की समजावं, त्याचा चहा मागवायचं राहिलं.

संशोधनाला वेळ कसा काढणार, हा शेवटून दुसरा सापळा. "रात्री" म्हणू नये. समितीतल्या प्रत्येकाने पूर्वी कधीतरी तेच सांगितलेलं असतं आणि त्यांचे शोधनिबंध कधीपासून थांबले हे त्यांना ठाऊक असतं. बुधवारची सकाळ, 9 ते 12, असं ठोस सांगावं. कोणीतरी विचारेलच, "आणि बुधवारी मी बोलावलं तर?" त्यावर, "येईन सर, आणि ते तीन तास गुरुवारच्या उद्घाटनातून काढेन." उद्घाटन नेमकं त्याच सरांच्या महाविद्यालयात नसावं, एवढी काळजी घ्यावी.

शेवटी "आपल्याला काही विचारायचं आहे?" असं होतं. इथे हात जोडून उठणारे खूप. मी म्हणेन, दोनच गोष्टी विचाराव्यात: अधिष्ठाता कार्यालयात मंजूर पदं किती आणि त्यातली भरलेली किती, आणि सध्याच्या प्रभारींकडे आणखी कोणकोणते पदभार आहेत. कुलसचिव उत्तरासाठी कागद चाळू लागतात. तो चाळून होईपर्यंत बसून राहावं.