जिताड्याने खाल्लं काय?

कोकणात पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनावरून दोन तट पडलेत. खाडीत पिंजरे आले की रोग आलेच, खरा मासा समुद्रातला, असं एक तट म्हणतो. दुसरा प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेचं ४० टक्के अनुदान (महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६०) दाखवतो आणि वर पिंजऱ्यात सॅमन मासा वाढवणाऱ्या नॉर्वेचा दाखला देतो. नॉर्वेत बसून हे ऐकलं की वाटतं, माशाच्या पोटात काय गेलं हे दोघेही विचारत नाहीत.

खाडीतल्या पिंजऱ्यात वाढवतात तो जिताडा मासाच घ्या. त्याला तारली, पेडवे अशी बारीक मासळी कापून घालतात. किलोभर वाढीला ती सहा-सात किलो लागते, गोळीखाद्य दीड-दोन किलो. याच आकड्यावरून ओल्या खाद्याला नावं ठेवतात, पण तो फसवा आहे. सात किलो मासळीत पाच किलो पाणीच असतं, कोरड्या वजनात दोन्ही जवळपास सारखीच पडतात. गोम वेगळीच आहे. तारलीच्या कुळातल्या बऱ्याच माशांत थायमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. बर्फाने ते मरत नाही. मासळी वितळली की पुन्हा कामाला लागतं. कित्येक आठवडे हेच खाद्य मिळालं की मासा खाणं टाकतो, काळवंडतो, तोल जाऊन गरगर फिरतो, पिंजऱ्याला धक्का लागला तरी झटके देतो. पंचाईत अशी की बोटुकल्यांना (बोटाएवढ्या पिल्लांना) होणाऱ्या नोडाविषाणूच्या रोगातही मासा काळवंडतो आणि असाच गरगरतो. मालक घाबरून प्रतिजैविक घालतो. ते विषाणूवर चालत नाही, जीवनसत्त्वाच्या टंचाईवर तर नाहीच. मेंदू आणि डोळे पीसीआर तपासणीला पाठवले की विषाणू आहे की नाही ते कळतं.

ओलंच खाद्य घालायचं असेल तर मासळी ८५ अंशांच्या वर दहा मिनिटं शिजवावी आणि पूर्ण निवल्यावर जीवनसत्त्व मिसळावं. कच्च्या खिम्यात मिसळलेलं ब-१ बादलीतच संपतं. शिजवल्याने मासळीसोबत येणारे व्हिब्रिओ जिवाणूही मरतात. खवट तारली मात्र शिजवूनही सुधारत नाही. ती खाऊन माशाच्या अंगातलं ई जीवनसत्त्व खर्ची पडतं आणि यकृत बिघडतं.

आता ‘समुद्रातला तो निरोगी’ या समजुतीबद्दल. बाल्टिक समुद्रातल्या सॅमनमध्ये १९७४ पासून एम-७४ नावाचा आजार नोंदला गेला आहे. पिल्लं अंड्यातून बाहेर येतात आणि पोटाखालची बलकाची पिशवी संपायच्या आत मरतात. कारण तेच, ब-१ ची टंचाई. आई समुद्रात स्प्रॅट नावाची चरबीदार बारीक मासळी खाऊन आलेली असते, जीवनसत्त्व अंड्यापर्यंत पुरत नाही. बीजकेंद्रात अशा पिल्लांना थायमिनच्या पाण्यात बुडवून वाचवतात. नदीत कोण बुडवणार?

नॉर्वेचं कौतुक करणाऱ्यांनी पुढचंही सांगावं. १९८७ मध्ये इथल्या पिंजऱ्यांत सुमारे ५० टन प्रतिजैविकं गेली. पुढे प्रत्येक माशाच्या पोटात लस टोचायला लागले आणि उत्पादन कैकपट वाढूनही आकडा टनाच्या आत आला. सॅमनच्या अंगाला चिकटणाऱ्या परजीवी उवांची गणती ठरलेल्या दिवसांनी करावीच लागते, आणि ती कुणालाही पाहता येते. २०१७ पासून किनाऱ्याचे १३ भाग केलेत. एखाद्या भागात उवांनी मोकळ्या पाण्यातला पिल्लू-सॅमन किती मारला, यावर तिथल्या पिंजऱ्यांना ६ टक्के वाढ मिळते किंवा तितकीच कपात. तरीही २०२३ मध्ये इथे समुद्रातल्या पिंजऱ्यांतले १६.७ टक्के सॅमन मेले, म्हणजे सहा कोटींहून जास्त. हा आकडा सरकारीच आहे, म्हणून तर त्यावर भांडता येतं.

आपल्याकडे अनुदानाच्या अटीत एवढंच घालावं: रोज मेलेले किती, खाद्य कोणतं आणि किती किलो, पाण्याचं तापमान, क्षारता. वही गावात उघडी ठेवावी. चिल्लर मासळी पिंजऱ्यात चालली, हे रापणकरांचं (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांचं) गाऱ्हाणं खरं की खोटं तेही तिथेच दिसेल. मेलेले मासे रोज सकाळी काढावेत. तपासणीला मात्र मेलेला नव्हे, शेवटच्या घटका मोजणारा मासा बर्फावर न्यावा, फ्रीझरमध्ये गोठवून नको, ऊतींचा चिखल होतो.