ओळखीतनं आलेली नोकरी

गेल्या मंगळवारी सकाळी साडेनऊला गेटवरनं वॉचमन काकांचा फोन आला, मॅडम एक पोरगा आलाय, आज जॉईन व्हायचंय म्हणतोय, संगं वडील पण हायत. मी म्हटलं आज कुणाचंच जॉइनिंग नाही, तरी खाली गेले. मी गोकुळ शिरगावला एका फाऊंड्रीत एचआरला आहे, नववं वर्ष चालू आहे, पण असा प्रसंग माझ्यावर पहिल्यांदाच आला.

पोरगा राधानगरी तालुक्यातला, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला, पहाटेच्या एसटीनं आलेला. पायात कोरे करकरीत सेफ्टी शूज. त्यानं फाईलमधनं लेटर काढून दिलं, आमच्याच कंपनीचं नाव, आमचाच लोगो, खाली शिक्का पण. पोस्ट सुपरवायझर, पगार अठ्ठावीस हजार. आणि ते लेटर आम्ही दिलेलं नव्हतं.

त्याला हे सांगताना मला जे झालं ते मी इथं लिहू शकत नाही. वडील मध्ये एकदाच बोलले, "ओळखीतनं आलंतं ओ मॅडम, म्हणून तर भरलं पैसं."

एकूण साडेबारा हजार गेले. आधी दीड हजार रजिस्ट्रेशन, मग साडेचार हजार मेडिकल, मग साडेसहा हजार गेटपास आणि ड्रेसचे, ते पहिल्या पगारात परत मिळणार म्हणे. शूज वेगळे, कारण लेटरमध्ये लिहिलं होतं स्वतःचे घेऊन यावेत. आता आमच्याकडं मेडिकल कंपनी करते, शूज आणि ड्रेस कंपनी देते, गेटपास तर वॉचमन काका वहीत नाव लिहून देतात. पण हे त्या पोराला कुठनं माहीत असणार, त्याच्या घरात कंपनीच्या गेटच्या आत गेलेलं कुणीच नाही.

आणि ओळख म्हणजे काय, तर कॉलेजच्या पासआऊट बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मित्रानं जाहिरात टाकलेली. त्या मित्राला दुसऱ्या ग्रुपवरनं आलेली. त्यानं स्वतः पण दीड हजार भरलेत, हे दुपारी कळलं.

मला हेच बोलायचंय. आपल्या कोल्हापुरात सगळं ओळखीवर चालतं आणि त्यात वाईट काही नाही. शिरोलीत, कागलला, उद्यमनगरात निम्मी भरती कुणी ना कुणी शब्द टाकल्यावरच होते, मी स्वतः अशी पोरं घेतलीयेत आणि ती चांगली निघालीयेत. पण ओळख फक्त दारापर्यंत नेते. आत कंपनी आहे की नाही, काम कसलं, पगार कोण देणार, हे ओळखीला माहीत नसतं. आणि आपण ओळखीतनं आलंय म्हटल्यावर विचारायचंच सोडतो, उलट विचारलं तर त्या माणसाचा अपमान होईल असं वाटतं. फसवणाऱ्यांना आपली ही सवय पक्की ठाऊक आहे.

मला हे एवढं लागतं कारण मी पण त्यातनं गेलेय. २०१५ ला एम.कॉम झाल्यावर सहा महिने घरात होते, गल्लीतनं जाताना "कुठं लागलीस का न्हाई" हे रोजचं. तेव्हा माझ्याच बेंचवरच्या मैत्रिणीचा फोन आला, पुण्यात मॅनेजमेंट ट्रेनी घ्यालेत, मी हाय इथं, तू ये. ती माझी मैत्रीण, तिच्यावर काय संशय घ्यायचा. गेले. तीन दिवस एका हॉलमध्ये टाळ्या वाजवायच्या, भाषणं ऐकायची, फोन आत जाताना काढून घ्यायचे, आणि चौथ्या दिवशी सांगितलं की किट विकत घ्या आणि तुमच्यासारख्याच दोघींना फोन करा, मात्र कामाचं काय ते फोनवर सांगायचं नाही. तेव्हा कळलं मैत्रिणीचा तो फोन कसा आलेला. आईनं पाटल्या मोडून दिलेले पैसे त्यात गेले आणि मी पाच वर्षं ते कुणाला सांगितलं नाही. मैत्रिणीशी आजही बोलणं नाही, आणि खरं सांगायचं तर तिचा राग आता राहिला नाही, ती पण कुणाच्या तरी ओळखीनंच गेली होती.

माणसं जोडत जाण्यावरच पैसे मिळवून देणाऱ्या स्कीमवर बंदी घालणारा कायदा १९७८ पासून आहे. डायरेक्ट सेलिंगचे, म्हणजे दुकानाशिवाय थेट माणसांना माल विकणाऱ्या कंपन्यांचे, २०२१ चे नियम पण सांगतात की सामील व्हायला फी घेता येत नाही. त्या १९७८ च्या कायद्याचं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्या हॉलमधनं पहिल्याच दिवशी उठले असते.

लेटर आलं की मी काय बघते ते सांगते. सगळ्यात आधी ईमेल. ॲटच्या चिन्हाच्या पुढं काय लिहिलंय ते बघायचं, मागं नाही. त्या पोराच्या मेलमध्ये मागं आमच्या कंपनीचं नाव होतं आणि पुढं जीमेल. लहान वर्कशॉपवाले जीमेल वापरतात हे खरंय, पण चारशे माणसांची कंपनी ऑफर लेटर तिथनं पाठवत नाही. मग पैसे कुणाच्या नावावर जातात ते. यूपीआय करताना नाव दिसतं की स्क्रीनवर, त्यानं तिन्ही वेळा कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या पर्सनल खात्यात पाठवले आणि तिन्ही वेळा ते नाव त्याला दिसलं होतं. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड म्हणत असेल तर केंद्राच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाईटवर नाव टाकून फुकटात बघता येतं कधी रजिस्टर झाली आणि पत्ता कुठला. भागीदारीतली किंवा एकट्याची फर्म तिथं सापडणार नाही, त्यांचा जीएसटी नंबर मागा आणि जीएसटीच्या साईटवर टाका. लेटरवरच्या नंबरला फोन करून खात्री करू नका, तो त्यांचाच असतो. नंबर स्वतः शोधा. आणि कंपनी आपल्याच जिल्ह्यात असेल तर पैसे भरायच्या आधी एक दिवस सरळ गेटवर या. वॉचमनला विचारा. वॉचमन खरं सांगतो.

आता थोडं आमच्या बाजूचं पण बोलते, काहींना आवडणार नाही. सरळ फसवणूक करणारे एक, पण खऱ्या कंपन्यांच्या जाहिराती पण पोरांची दिशाभूल करतात. "पगार बावीस हजारापर्यंत" लिहायचं आणि त्यात रोजचा चार तासाचा ओव्हरटाईम धरायचा. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, वीस हजार सांगायची, त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि बोनस सगळं मोजलेलं, हातात येतात सोळाच्या आसपास. लेटरवर नाव कंपनीचं दिसतं आणि पगार ठेकेदार देणार असतो. मी मीटिंगमध्ये हे बोललेय, जाहिरातीत इन-हँड आकडा आणि शिफ्टचे तास लिहा म्हणून. अजून ऐकलेलं नाही. तोवर पोरांनी इंटरव्ह्यूतच विचारावं की आठ तासाचा हातात किती, रोलवर कुणाच्या, म्हणजे कंपनीच्या की ठेकेदाराच्या, पीएफचा यूएएन म्हणजे खात्याचा नंबर मिळणार का. हे विचारलं म्हणून चांगली कंपनी कुणाला परत पाठवत नाही, मी तरी पाठवलेलं नाही.

टेलिग्रामवर व्हिडिओ लाईक करा आणि पन्नास रुपये घ्या, यावर जास्त लिहीत नाही, पहिले दोनशे-तीनशे खरंच देतात आणि मग प्रीपेड टास्क, म्हणजे आधी पैसे भरून करायचं काम, म्हणून हजारो काढून घेतात. पण खातं भाड्यानं देणं हे मात्र नीट वाचा. "तुझं बँक खातं आणि सिम दे, महिन्याला कमिशन" हे काम नाही, दुसऱ्याला लुटलेला पैसा तुमच्या खात्यातनं फिरवतात आणि पोलीस तुमच्या दारात येतात.

आणि परदेश. डेटा एंट्री, थायलंड, पगार लाखाच्या घरात, जायचं टुरिस्ट व्हिसावर. तिथनं पोरांना म्यानमारच्या हद्दीत नेऊन ऑनलाईन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या मे सोत या म्यानमार सीमेवरच्या गावातनं पाचशेच्या वर भारतीय परत आणले, त्यांतले बरेच नोकरी म्हणून गेलेले. टुरिस्ट व्हिसावर नोकरी नसते. एजंट गावातला पाव्हणा असला तरी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी बघा, नोंदणीकृत एजंटाला ३० हजार आणि वर जीएसटी याच्यापेक्षा जास्त घेता येत नाहीत.

त्या दिवशी माझ्या टेबलवरनंच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. शेवटचे साडेसहा हजार रविवारी गेलेले, आधीचे दहा-अकरा दिवसांपूर्वी. तक्रार लवकर झाली तर पुढच्या खात्यात पैसे थांबवता येतात, उशीर झाला की ते कुठल्या कुठं जातात. त्याला शनिवारीच शंका आलेली, पण वडिलांना सांगायला लाज वाटली आणि रविवारी उरलेले पण भरले. हे ऐकून मला माझी पाच वर्षं आठवली.

त्याचा बायोडाटा मी ठेवून घेतलाय. आमच्याकडं अप्रेंटिसच्या जागा निघणार आहेत, लागेल असं वचन मी दिलेलं नाही, परीक्षा आणि इंटरव्ह्यू सगळ्यांसारखाच. काल रात्री दहाला त्याचा मेसेज आला, दुसऱ्या एका कंपनीच्या लेटरचा फोटो आणि खाली "मॅडम हे बघा की, पैसे अजून भरलेले नाहीत."

कुणाच्या घरात असं लेटर आलं असेल तर मला इनबॉक्सला पाठवा. ओळख असायची गरज नाही. रात्री बघून सकाळी सांगते.