रस्टिक आहे, मॅडम

परवा मावसभावाच्या लग्नात, पंगतीत मठ्ठा वाढता वाढता धाकट्या मावशीने सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, गोठा झाला का पुरा?" आजूबाजूच्या बायका फिसकन हसल्या. त्यातल्या दोघींना मी ओळखतसुद्धा नाही. म्हणजे बातमी नात्याच्या बाहेर गेलेली आहे.

गोठा म्हणजे आमचा हॉल. सिंहगड रस्त्याच्या एका गल्लीत, सहाव्या मजल्यावर. नवरा त्याला 'शॅले' म्हणतो, म्हणजे आल्प्समधलं लाकडी घर. युरोपच्या टूरवरून लोक चॉकलेटं आणतात, याने वास्तुशैली आणली. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट गावाच्या जुन्या वस्तीतली, उन्हाने काळी पडलेली लार्चच्या लाकडाची घरं त्याने पाहिली आणि बसमध्ये सगळे ठेपले खात असताना हा खिडकीला नाक लावून म्हणाला, "असं घर पाहिजे." मला वाटलं, उतरेल. लोणावळा आलं तरी उतरलं नाही.

मग इंटिरियरवाला आला. तिशीच्या आतला, गोड बोलणारा, दर वाक्यात एकदा 'वॉर्म' म्हणणारा. पुण्यात, एप्रिलमध्ये. त्याने भिंतीला दगडाचं क्लॅडिंग, छताला तुळया, विजेवरची शेकोटी, जमिनीवर मेंढीचं कातडं आणि भिंतीवर शिंगं असं सगळं संगणकावर दाखवलं. शिंगं खरी हवीत असं नवऱ्याच्या मनात होतं. १९७२ चा वन्यजीव कायदा काय म्हणतो ते मी वाचून दाखवलं, तेव्हा तो फायबरवर आला.

यानंतरचे महिने मी एका वाक्यावर काढले. दाराला फट राहिली, "रस्टिक आहे, मॅडम," म्हणजे गावरान. ड्रॉवर अडकतो, "तोच तर फील आहे, मॅडम." फळी एका बाजूला कलली, "हँडमेड आहे ना." गुळगुळीत लाकडापेक्षा खडबडीत लाकूड महाग का, हे मला अजून कळलेलं नाही. सुतार नव्याकोऱ्या पाइनच्या फळ्या गॅलरीत आडव्या टाकून लोखंडी साखळीने बडवायचा, वर तारेच्या ब्रशने ओरबाडायचा. याला डिस्ट्रेसिंग म्हणतात आणि त्याचा दर चौरस फुटावर लागतो. कोटेशनमध्ये प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन. आलेल्या प्लायवर शिक्का ३०३ चा, म्हणजे साध्या प्लायचा. विचारलं तर म्हणे लॅमिनेट चढल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. दिसतात हो. पैसेही सारखेच घेतले.

आणि मग मामा आले.

मामा वेल्ह्याच्या पलीकडचे. गुडघा दाखवायला पुण्याला आले होते. वहाणा बाहेर काढल्या, टोपी सारखी केली आणि उंबऱ्यातच थांबून वर पाहिलं.

"तुळई कशाची गं?"

"लार्च फिनिश," नवरा पुढे झाला.

मामांनी स्टूल मागितलं. ज्या माणसाला सकाळी डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत म्हणून सांगितलं होतं, तो स्टुलावर चढला, बोटाच्या पेराने तुळईवर टकटक केलं आणि कान लावला.

"पोकळ हाय."

"हो मामा, आतून बॉक्स आहे."

"मंग वरचा भार?"

"वर स्लॅब आहे."

"मंग ही काय पेलती?"

नवरा म्हणाला, "लुक."

मामांनी जरा विचार केला. "आन् त्यो किती किलोचा आसतो?"

खाली उतरून ते कातड्यावर बसले. हात फिरवला. "मेंढरू कंचं?" पॉलिस्टरचं आहे म्हटल्यावर हात काढून घेतला. शेकोटीपाशी गेले. धूर कुठून जातो विचारलं, धूर नाही कळल्यावर राख कुठं पडते विचारलं. नवऱ्याने कौतुकाने रिमोट दाबला. ज्वाळा नाचल्या, मामांनी सवयीने तळवे धरले, गार. मग त्याने हीटर चालू केला. डोक्यावर पंखा पाचावर, पाठीला शेकोटी, बाहेर ऊन रणरणतंय आणि मामा घाम पुसत मला हळूच विचारतायत, "जावयांना ताप बीप हाय का?"

इथे नवऱ्याने खरं तर गप्प बसायचं. पण त्याला शॅले समजावून सांगायची होती. त्याने सांगितलं की आल्प्समध्ये उन्हाळ्यात गुराखी गुरं वरच्या कुरणांवर नेतात, तिथेच राहतात, तिथेच चीज करतात, त्यांच्या या झोपड्या. हिवाळ्यात खालच्या गावात कैक घरांत खाली गुरं बांधायची, वर माणसं, म्हणजे गुरांची ऊब वर येते. छपराच्या वळचणी लांब काढायच्या, म्हणजे बर्फ आणि पाणी भिंतीपासून लांब पडतं. छपरावर धोंडे ठेवायचे, वाऱ्याने उडू नये म्हणून. झरमॅटला धान्याची कोठारं खांबांवर उभी करतात आणि खांब आणि कोठाराच्या मध्ये जात्याच्या तळीसारखी सपाट दगडी चकती घालतात, म्हणजे उंदराला वर चढता येत नाही.

मामा पहिल्यांदाच मांडी सावरून बसले. "हुशार हायेत," म्हणाले. "आमचंबी तसंच व्हतं. कुडाच्या भितीपल्याड गुरं, आल्याड आमी. रातच्याला ऊब लागायची." मग उठले आणि हॉलची पाहणी सुरू केली. चेष्टा नव्हती हो त्यात, हेच तर दुखतं. ते मनापासून मदत करत होते.

"टीव्ही हाय तिथं गव्हाण घ्यायची. सोफा काढला की दावण सरळ येती. दोन म्हशी खुशाल ऱ्हातील. आडव्या बांधल्या तर तीन." त्यांनी पावलांनी माप घेतलं. "पर पागोळ्या कुठं पडनार? वळचनच न्हाय. आन् उंदराची चकती कुठाय?"

ती नव्हती. उंदीर मात्र आहेत, डक्टमधून येतात. त्या सगळ्या गावातली एकच कामाची गोष्ट तेवढी आमच्या कोटेशनमध्ये नव्हती.

"मुताला उतार कुनीकडं ठिवलाय?" मामांनी फरशीवर तांब्यातलं पाणी ओतलं. पाणी निघालं ते थेट आमच्या बेडरूमकडे. हा उतार बिल्डरने दिलेला आहे. ताबा घेतल्यापासून आम्ही तक्रारी करतोय आणि दरवेळी साइटवरचा माणूस येतो, गोटी सोडून बघतो, मान हलवतो, जातो. एवढ्या वर्षांत त्या फरशीकडे पाहून "चुकलंय" असं स्पष्ट म्हणणारे मामा पहिले.

तसं पाहिलं तर या खोपट्यांची शैली कोणी केली? ज्यांना त्यात राहावं लागलं नाही त्यांनी. एकोणिसाव्या शतकात युरोपभर श्रीमंतांनी बागांमधून शॅले बांधल्या. १८९६ साली जिनिव्हाच्या राष्ट्रीय प्रदर्शनात तर खुद्द स्विस लोकांनीच एक आख्खं 'स्विस खेडं' उभारलं, मागे खोटा डोंगर आणि खोटा धबधबा. तेव्हा आमची पोकळ तुळई परंपरेला धरूनच आहे. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. मिजास वाढते.

नवऱ्याने एवढ्यात आवाज खाली आणून विचारलं, "मामा, तुमच्या जुन्या घराच्या तुळया खऱ्या सागाच्या होत्या ना? कुठं आहेत त्या?" भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात जुन्या वाड्यांच्या सागाला काय भाव आहे ते त्याला पाठ झालेलं.

"व्हत्या की. च्यार."

"मग?"

"बंबात." मामा चहा फुंकत म्हणाले. "दोन सालं पानी तापिवलं. लई ग्वाड जळायच्या."

नवरा पॉलिस्टरवर बसला तो उठेना.

जाताना मामांची नजर खुंटीवरच्या घंटेवर गेली. ती स्वित्झर्लंडची, फुलाफुलांच्या पट्ट्याची. त्या सगळ्या हॉलमधली ती एक वस्तू मी निवडलेली, माझ्या पैशांनी. "गाय न्हाय आन् घंटा कशाला?" असं म्हणून मामांनी ती काढून पिशवीत टाकली. मागितली नाही, विचारलं नाही. नवरा म्हणाला, "असू दे गं, मोठे आहेत." त्याची शिंगं नेली असती म्हणजे कळलं असतं.

काल मामांचा फोन आला. घंटा वाजतच नव्हती म्हणे, आतला लोळा नुसता दिखाऊ. त्यांनी तो काढून ट्रॅक्टरचा नटबोल्ट लावला, आता पलीकडच्या वाडीपर्यंत ऐकू जाते. नवऱ्याने माझ्या हातातून फोन घेतला. इंटिरियरवाल्याने त्याला सांगितलंय की वापरलेल्या घंटेवर जी ओरिजिनल झाक येते ती विकत मिळत नाही, तेव्हा पावसाळा झाला की ती परत मिळेल का?

पलीकडे मामा थोडे थांबले.

"ढवळीला इचारून सांगतो," म्हणाले.