टेरीसाहेब ठीक, पण चाकावर कोण होतं?

मुंबईच्या जे. जे. कला शाळेच्या जुन्या भांड्यांवरचा तुमचा लेख आवडला, पण "ही भांडी जॉर्ज टेरींनी घडवली" हे वाक्य फार खटकलं. टेरींनी जे. जे. स्कूलमध्ये १८७०च्या दशकात पॉटरी सुरू केली, मान्य, त्यांचं श्रेय कोणी काढून घेत नाहीये, पण ग्लेझचं, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत लेपाचं, काम येणारे कुंभार सिंधमधून आणलेले आणि भांड्यांवरची अजिंठ्याची नक्षी म्हणजे जे. जे.चे चित्रकला शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली लेण्यांत बसून चित्रं उतरवणाऱ्या आपल्या पोरांची मेहनत, त्यांच्याबद्दल अख्ख्या लेखात एक ओळ नाही?

आम्ही नाशिकचे, घर कुंभाराचं. आजोबा मातीत घोड्याची लीद मळायचे, माठाचा गळा चाकावर काढला की आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापीने ठोकत ठोकत पोट वाढवायचे, त्या माठात आज पण हात घातला की गळ्याशी त्यांच्या बोटांचे वळ लागतात. भायखळ्याला भाऊ दाजी लाड म्युझियममध्ये ही जे. जे.ची भांडी बघायला गेलो तेव्हा काचेला नाक लावून मी तेच वळ शोधत होतो. नावं मिळत नसतील तर निदान "सिंधचे कुंभार" एवढं तरी लेखात टाका, प्लीज.