दोन वेताळ आणि एक फाटकं पान

लक्ष्मीनगरच्या आठ रस्ता चौकात आमचा कट्टा भरतो रात्री नऊनंतर. मे महिन्यात त्याआधी सिमेंटवर बूड टेकवत नाही. परवा गजूने पिशवीतून एक जुनं इंद्रजाल कॉमिक काढलं. प्लास्टिकचं पाकीट, वरून चिकटपट्टी. मी हात पुढे केला तर म्हणतो, "हात पुसले का बे? आताच तर्री-पोहा हाणला तू."

"मग वाचायचं कसं?"

"वाचाले नाही घेतलं. ठेवाले घेतलं."

इथून पेटलं.

मी म्हटलं, १९६४ साली इंद्रजाल निघालं ते कपाटात ठेवायला निघालं नव्हतं. आम्हाला ते पानठेल्यावर भाड्याने मिळायचं, दिवसाचे आठ आणे. गुटख्याच्या माळांशेजारी दोरीवर लटकलेलं. घरी आणून कूलरसमोर पालथं पडायचं. खसच्या ताटीतून उडणाऱ्या थेंबांनी पानं फुगायची. परत देताना ठेलेवाला थुंकी लावून पानं मोजायचा, पण शेवटचं पान बहुतेक आमच्या आधीच कोणीतरी घालवलेलं असायचं. पिन मारलेल्या कॉमिकचं पहिलं आणि शेवटचं पान एकाच कागदाचं असतं. एक फाटलं की दुसरंही लोंबायला लागतं. एकदा वेताळ भुयारात अडकलेला, पाणी छातीपर्यंत आलेलं, आणि पुढचं पान गायब! अख्खी सुट्टी मी त्याला रोज नव्या युक्तीने बाहेर काढला.

"तो वेताळ ना," वैशाली म्हणाली, "मला लहानपणी वाटायचं, चांदोबात झाडाला लटकतो तोच मोठा होऊन घोड्यावर बसला."

मराठी पोरांच्या वाट्याला दोन वेताळ आले हे खरंच आहे. एक विक्रमाच्या खांद्यावरचा, दुसरा ली फॉकचा, म्हणजे इंग्रजी कॉमिकमधला 'फँटम'. या दुसऱ्याचा देश मूळ इंग्रजीत 'बंगाला'. इंद्रजालवाल्यांनी त्याचं 'डेंकाली' केलं, आणि आम्हाला ते नाव अस्सल जंगली वाटायचं.

मास्तर इतका वेळ गप्प होते. ते ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतात, त्यामुळे गप्प राहणं त्यांना फार वेळ जमत नाही. "चित्रं पाहणं म्हणजे वाचन नव्हे," ते म्हणाले.

मी म्हटलं, एका चौकटीत मूठ उगारलेली असते, दुसरीत गुंड आडवा. मधला ठोसा कोणी मारला? छापलेला तर नाही. तो वाचणाऱ्याच्या डोक्यातच बसतो ना? वर 'माउस' या कॉमिकला १९९२ साली पुलित्झर मिळाल्याचंही ऐकवलं. हे उदाहरण जो तो देतो, पण मलाही दुसरं सुचलं नाही.

"मी म्हणते चित्र लागतंच कशाला?" वैशालीने पारडंच बदललं. ती नारायण धारपांची भक्त. "धारप वाचून रात्री संडासात जायची माझी हिंमत नव्हती. चित्र असतं तर पाहून मोकळी झाली असती."

"भय, भुतं, विज्ञानकथा," मास्तर हात झटकून म्हणाले. "नारळीकरांनीसुद्धा १९७४ साली कथा टोपणनावाने पाठवली. लाज वाटली म्हणूनच ना?"

"लाज कसली हो?" मी म्हटलं. "मराठी विज्ञान परिषदेची स्पर्धा होती. आपलं नाव पाहून बक्षीस नको, म्हणून ते नारायण विनायक जगताप झाले. आद्याक्षरं उलटी करून पाहा."

मास्तरांनी बोटांवर ज, वि, ना मोजलं आणि चहा मागवला.

गजूचं आपलं वेगळंच चाललं होतं. आपली हिंदी सिनेमाने नाही, राज कॉमिक्सच्या ध्रुवने सुधरवली. त्याच्याकडे कुठलीच दैवी शक्ती नाही, सर्कशीत वाढलेला पोरगा, म्हणून तो नागराजला भारी. यावर एरवी तासभर भांडलो असतो. परवा कोणी दाद दिली नाही, आणि तो हिरमुसला.

निघताना गाडीला किक मारता मारता म्हणाला, "तुह्या त्या भुयारवाल्याचं मुखपृष्ठ आठवते का बे? माह्याकडे असंन. पूर्ण आहे सगळे. उद्या घेऊन येतो."

मी नाही म्हटलं.

हिरवं पाणी, आणि त्यातून वर आलेला कवटीच्या अंगठीचा हात. चांगलं आठवतं.